पेटी हवी, पण कोणती पेटी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी नुकतीच गाणं शिकायला लागली आहे. बाईंनी सांगितलं, "घरी पेटी असू द्या, हिची पट्टी काळी चार आहे." दुकानात गेल्यावर विचारणा सुरू झाली: सुरपेटी की बाजाची? दुहेरी सूर की तिहेरी? साधी की स्केल चेंजर? शिवाय घरच्या माळ्यावर आजोबांची पायपेटी आहे आणि नातेवाइकांचं म्हणणं, नवी कशाला, तीच दुरुस्त करा. तर यातलं घ्यायचं काय?

उत्तर द्यायला शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण इथे घोळ वाद्याचा कमी आणि शब्दांचा जास्त आहे. पेटी, सूर आणि पट्टी हे तिन्ही शब्द संगीतात एकाहून अधिक अर्थांनी वापरले जातात. बाईंनी एका अर्थाने वापरलेला शब्द दुकानदार दुसऱ्या अर्थाने घेतो आणि दोघेही बरोबर असतात.

पेटी

मराठीत पेटी म्हणजे आधी खोकं. आगपेटी, मतपेटी, दानपेटी, आंब्याची पेटी ही सगळी त्याच अर्थाची. मुंबईच्या बोलीत तर पेटी म्हणजे एक लाख रुपये. हे अर्थ संदर्भाने आपोआप कळतात. वाद्यांच्या दुकानात मात्र समोरची अर्धी मांडणी पेट्यांचीच असते आणि तिथे संदर्भ कामाला येत नाही.

हार्मोनियम हे वाद्य मूळचं युरोपातलं. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. ते टेबलाएवढं, खुर्चीवर बसून, पायाने हवा भरत दोन्ही हातांनी वाजवायचं वाद्य होतं. आपल्याकडे गाणं बैठकीवर बसून होतं आणि दोन हातांनी स्वरमेळ वाजवण्याची गरज नव्हती. म्हणून पाय कापले गेले, भाता मागे आला, एक हात भात्याला आणि एक हात पट्ट्यांवर अशी रचना झाली. हे रूप घडवण्याचं श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. मिटवली की हे वाद्य खरोखरच एक लाकडी खोकं दिसतं. लोक त्याला 'बाजाची पेटी' म्हणू लागले आणि पुढे 'बाजाची' गळून नुसती 'पेटी' उरली. निमंत्रणपत्रिकेवर दिसणारी 'संवादिनी' म्हणजेही बहुतेक वेळा हीच. गाण्याच्या बाई कोणतंही विशेषण न लावता 'पेटी' म्हणतात तेव्हा त्यांना हीच अभिप्रेत असते.

'सुरपेटी' ही वेगळी वस्तू. तिला पट्ट्या नसतात. पुस्तकासारखी उघडणारी एक चपटी पेटी असते, एका अंगाला भाता आणि दुसऱ्या अंगावर १२ किंवा १३ छोट्या खिट्ट्या. हव्या त्या खिट्ट्या उघडायच्या, भाता हलवत राहायचा, आणि उघडलेले स्वर अखंड वाजत राहतात. तिच्यावर चाल वाजत नाही, ती फक्त आधार धरते. दक्षिणेत हिलाच श्रुतिपेटी म्हणतात. आता गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की विजेवर चालणाऱ्या छोट्या डब्यालाही सुरपेटीच म्हणतात. त्यात भाता नाही, हवा नाही, पितळेचा एकही सूर, म्हणजे हवेने थरथरून आवाज करणारी जीभ, नाही. काम मात्र तेच, म्हणून नाव तेच राहिलं.

'पायपेटी' म्हणजे पायाने हवा भरायची हार्मोनियम. आणि 'ऑर्गन' म्हणून मराठी संगीत नाटकांत जे वाद्य गाजलं, ते दिसायला पायपेटीचं भावंड असलं तरी आतून उलटं असतं. पेटीत भाता हवा दाबतो आणि ती हवा सुरांमधून बाहेर पडते. ऑर्गनमध्ये भाता हवा शोषतो आणि बाहेरची हवा सुरांमधून आत खेचली जाते. त्यामुळे ऑर्गनचा आवाज अधिक गोल, मऊ आणि भरलेला. पेटीचा आवाज धारदार आणि चटकन उठणारा. बालगंधर्वांच्या गाण्यामागे जो भरलेला, लांबवर रेंगाळणारा स्वर ऐकू येतो तो ऑर्गनचा. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एकाची गळती बाहेर फुसफुसते तर दुसऱ्याची आत ओढली जाते, आणि आत ओढली जाणारी गळती हाताला सहज कळत नाही.

सूर

गाणाऱ्यासाठी सूर म्हणजे स्वर. "सूर लाव" म्हणजे षड्ज, अर्थात सा, धर. पेटी बनवणाऱ्यासाठी मात्र सूर ही हातात धरता येणारी वस्तू आहे. पितळेची एक पट्टिका, तिच्यात लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. हवा आली की जीभ खाचेतून वरखाली थरथरते आणि आवाज होतो. कारागीर "सूर लावतो" म्हणतो तेव्हा तो ही जीभ कानसून तिचा स्वर जुळवत असतो. "सूर बदलायला लागेल" म्हणजे ती वस्तूच नवी बसवावी लागेल, गाण्याची पट्टी बदलणं नव्हे.

म्हणून 'दुहेरी सुरांची पेटी' म्हणजे दोन स्वर वाजवणारी पेटी नाही. एक पट्टी दाबली की ज्या पेटीत दोन जिभा एकदम बोलतात ती दुहेरी. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात, म्हणजे दुहेरीत ८४ सूर आणि तिहेरीत १२६. सव्वातीन सप्तकांची ३९ पट्ट्यांची पेटीही सर्रास मिळते. तिच्यात दुहेरीला ७८ सूर.

या दोन-तीन रांगांना खर्ज, नर आणि मादी अशी नावं आहेत. नर ही मुख्य रांग. खर्ज तिच्याहून एक सप्तक खाली, मादी एक सप्तक वर. दुकानात 'खर्ज-नर' आणि 'नर-नर' असे दोन पर्याय पुढे येतात. घरी शिकण्यासाठी खर्ज-नरच घ्या. नर-नरमध्ये दोन सूर एकाच उंचीचे असल्याने आवाज चमकदार येतो, पण त्यातला एक किंचितही हलला की लाटा ऐकू येतात. दोन सुरांत सेकंदाला एका कंपनाचा फरक पडला तर सेकंदाला एक लाट येते, तीन कंपनांचा पडला तर तीन. नवशिक्या कानाला अशा डोलणाऱ्या आवाजात षड्ज नक्की कुठे आहे हेच कळत नाही. मादी रांगेची घरगुती रियाजाला गरज नाही. ती वजन वाढवते आणि हवा खाते.

पट्टी

सगळ्यात जास्त नुकसान या शब्दामुळे होतं. पट्टी म्हणजे बोटाने दाबायची लाकडी पट्टी. आणि पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा षड्ज ज्या उंचीवर आहे ती उंची. दुसरा अर्थ पहिल्यातूनच आला. डावीकडून पहिली पांढरी पट्टी म्हणजे पांढरी एक, तिच्या शेजारची काळी म्हणजे काळी एक, असं मोजत गेलं की सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या होतात. पाश्चात्त्य नावांत सांगायचं तर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. प्रमाण जुळणीत, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांवर धरली तर, बायकांच्या गळ्याची काळी चार सुमारे २०८ कंपनांवर येते आणि पुरुषांची काळी एक सुमारे १३९ वर. या दोन्हींत बरोबर पंचमाचं अंतर आहे. पुरुषाचा पंचम तो बाईचा षड्ज. त्यामुळे "मला पुरुष गुरू आहेत, त्यांच्याच पट्टीत गाईन" असा हट्ट धरला की गळा एक तर तळात घुसमटतो किंवा वर ताणला जातो.

आता ही काळी चार पेटीवर कुठे? साडेतीन सप्तकांच्या पेटीत डावीकडच्या पहिल्या सप्तकात. नर रांगेवर तिथे षड्ज धरला तर खाली शुद्ध गंधारापर्यंतचा मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, मिळतो आणि वर भरपूर जागा उरते. पुरुषांच्या काळी एकचं तसं नाही. खरा षड्ज अगदी डाव्या टोकाला येतो आणि खाली एकच पट्टी उरते. म्हणून पुरुषांच्या साथीला मधल्या सप्तकातली काळी एक धरतात आणि खर्ज रांग उघडी ठेवतात, म्हणजे खरी उंची खर्जातून ऐकू येते. खर्ज-नर जोडी आपल्याकडे इतकी रुळली त्याचं एक कारण हेच.

स्केल चेंजरमध्ये मात्र या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून सुटतात. त्या पेटीत पट्ट्यांची सगळी चौकट सुरांवरून डावी-उजवीकडे सरकते. बहुधा ९ किंवा १३ जागा असतात. दोन जागा सरकवलं की पांढरी एक दाबल्यावर पांढरी दोन वाजते. अनेक गायकांना साथ करणाऱ्या वादकाला याचा फार उपयोग होतो, कारण त्याची बोटं एकाच ठरलेल्या जागी चालतात आणि पट्टी हवी तशी बदलते. शिकणाऱ्या मुलीला मात्र त्यातून चुकीचा नकाशा मिळतो. तिला 'काळी चार' ही डोळ्यांनी दिसणारी आणि कानांनी ओळखू येणारी एकच गोष्ट वाटली पाहिजे. त्यातून सरकणाऱ्या यंत्रणेमुळे पट्टी आणि तिच्याखालची हवा सोडणारी झडप यांच्यात खेळ राहतो, आवाजात खडखड येते आणि दुरुस्ती वाढते. पहिली पेटी साधी असावी, असं माझं ठाम मत आहे. कपलरचंही तेच. एक पट्टी दाबली की सप्तकभर अंतरावरची दुसरीही दाबली जाण्याची ती सोय आहे. आवाज भरतो, पण पट्ट्या जड होतात आणि लहान बोटं दमतात.

घेताना काय तपासायचं

म्हणजे तुम्ही मागायची ती वस्तू अशी: बाजाची पेटी, साधी, कपलर नसलेली, साडेतीन सप्तकं, दुहेरी सूर, खर्ज-नर. एवढं सांगितलं की दुकानदार उरलेले प्रश्न विचारणार नाही. पण समोर आलेली पेटी चांगली आहे की नाही हे तुम्हालाच पाहावं लागेल.

आधी भाता. सगळ्या खुंट्या, म्हणजे एकेका रांगेला हवा सोडणारी पुढची बटणं, बंद करा, भाता दोन-तीनदा मारून हवा भरा आणि थांबा. आतला भाता हळूहळू, कुरकुर न करता बसला पाहिजे. फुस्स आवाज आला किंवा तो झटकन खाली आला तर सांध्यातून, कातड्यातून किंवा एखाद्या झडपेतून हवा जाते आहे. मग एक खुंटी उघडून मधल्या सप्तकातली एकच पट्टी दाबा, एक भाता भरा आणि मनात सावकाश मोजा. दहापर्यंत पोचायच्या आत आवाज विझला तर ती पेटी मुलीला भाता मारूनच दमवेल.

मग प्रत्येक पट्टी, प्रत्येक रांग वेगवेगळी. खर्जाची खुंटी उघडून ४२ पट्ट्या, मग नराची उघडून पुन्हा ४२. घाई करू नका. ऐकायचं हे की पट्टी दाबताक्षणी सूर बोलतो का. खर्जाचे सूर जड असल्याने किंचित उशिरा उठतात, तो त्यांचा धर्म आहे. पण शेजारच्या सुरांपेक्षा एखादाच ठळकपणे मागे राहत असेल तर त्याची जीभ पट्टिकेपासून जास्त वर उचललेली आहे. उलट जीभ फार खाली बसलेली असेल तर जोरात भाता मारल्यावर सूर गुदमरून गप्प होतो. म्हणून हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवून पाहा. सुराची उंची मात्र मध्यम दाबावरच तपासा. जोरात हवा दिली की जिभेचा स्वर थोडा उतरतो आणि चांगली पेटीही बेसूर भासते.

शेवटी पट्ट्या. सगळ्या एका पातळीत, सारख्या खोल जाणाऱ्या आणि सोडल्यावर चटकन वर येणाऱ्या हव्यात. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये पातळ पुठ्ठ्याएवढी फट हवी. अगदी घासून बसवलेल्या पट्ट्या कोरड्या हवेत सुंदर दिसतात आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की अडकतात.

सुरपेटी घ्यायची का?

हो, तीही घ्या. ही चैन नव्हे, तिला संगीतशास्त्रातलंच कारण आहे. पेटीतलं सप्तक बारा समान भागांत वाटलेलं असतं. तंबोऱ्याच्या तारेतून जो शुद्ध गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि धैवत साधारण १६ सेंट. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर हा फरक तयार कानाला स्वच्छ ऐकू येतो. पंचम मात्र जेमतेम २ सेंटने उतरलेला असतो, तो चालून जातो. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, घेता येत नाही हे दुसरं कारण. या दोन आक्षेपांचं वजन इतकं होतं की १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि १९७१ पर्यंत ती सैल झाली नाही. त्याच काळात मैफिलींत आणि रंगभूमीवर गोविंदराव टेंबे, गोविंदराव पटवर्धन यांच्यासारख्या वादकांनी पेटी किती गाऊ शकते ते दाखवून दिलं, हेही तितकंच खरं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची पेटी याच अडचणीवरचा उपाय आहे. तिच्यात जोडलेली बटणं आत-बाहेर करून स्वराची हवी ती श्रुती, म्हणजे बारीक फरकाची उंची, निवडता येते.

घरी करायचं ते असं: स्वर ओळखायला आणि अलंकार बसवायला पेटी. लांब स्वर लावायला पेटी बंद आणि नुसता तंबोरा किंवा सुरपेटी. सुरपेटीवर षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज उघडायचे. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागाला पंचमाऐवजी मध्यम. मारव्याला निषाद. विजेची सुरपेटी घेतलीत तर पट्टीचा बारीक कमी-जास्त करण्याचा खटका आहे ना, ते पाहा. घरातली पेटी तंतोतंत ४४० वर नसेल तर सुरपेटी तिच्याकडे आणता येते, उलट होत नाही. मुलगी वाढेल तशी तिची पट्टीही बदलेल, तेव्हाही हा खटका लागेल.

बिघाड

घरी निस्तरता येणारे बिघाड दोनच. सूर एकदम गप्प झाला किंवा घरघरू लागला तर बहुधा जिभेखाली धूळ, केस किंवा लाकडाचा कण अडकलेला असतो. वरचं झाकण आणि पट्ट्यांखालची फळी काढता येत असेल तर तो सूर शोधा, जीभ पातळ कागदाच्या कडेने अलगद उचला आणि मऊ कुंचला रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे फिरवा. उलट दिशेने फिरवला तर जीभ वाकते. दुसरा, न दाबता वाजत राहणारा सूर. पट्टीखालची झडप पूर्ण बंद होत नाही म्हणून हे होतं. पावसाळा असेल तर पट्टी फुगली आहे, पेटी कोरड्या खोलीत दोन दिवस उघडी ठेवा. उन्हात नको, फळी तडकते. बाकी दिवसांत झडपेचा नमदा कसरीने खाल्लेला असतो किंवा स्प्रिंग निसटलेली असते.

जीभ कानसायला मात्र कधीही जाऊ नका. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो, एवढं वाचून अनेक जण ब्लेड घेऊन बसतात. काढलेलं पितळ परत येत नाही आणि मुळाशी पातळ झालेली जीभ काही महिन्यांत तिथेच तुटते.

आजोबांची पायपेटी

आधी ती पायपेटीच आहे की ऑर्गन ते ठरवा, कारण दुरुस्ती कोणाकडे द्यायची हे त्यावर ठरतं. मागची फळी काढून पायडल मारा. मधला भाता फुगत असेल तर पायपेटी, आत ओढला जात असेल तर ऑर्गन. नंतर सूर पाहा. जिभा सरळ असतील, तडे नसतील, वरचा हिरवट थर नुसता पृष्ठभागावर असेल, तर वाद्याचा जीव शाबूत आहे. भात्याचं कापड-कातडं, नमदे, स्प्रिंगा आणि पट्टे हे सगळं नवं घालता येतं. वाळवीने सुरांची फळीच पोखरली असेल तर खर्च करू नका.

मुलीच्या रोजच्या रियाजाला ती घेऊ नका. खुर्चीवर बसून पायाने हवा भरताना लहान मुलीचा श्वास आणि बैठक दोन्ही हलतात, आणि क्लासमध्ये तिला बैठकीवरच बसायचं आहे. पण घरात वाजती ठेवण्यासाठी दुरुस्त जरूर करा. कारागिराकडे देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा. जुनी वाद्यं बऱ्याचदा आजच्या ४४० च्या मापाला नसतात. ट्यूनर लावून आठ-दहा पट्ट्या तपासा. सगळ्या जवळपास सारख्याच चढ्या किंवा सारख्याच उतरलेल्या असतील तर वाद्य आपल्या आपल्यात सुरात आहे. अशा वेळी "आजच्या मापाला आणा" म्हणू नका, नाहीतर प्रत्येक जीभ कानसली जाईल. फक्त जे सूर शेजाऱ्यांपासून फुटले आहेत तेवढेच जुळवायला सांगा, आणि त्या पेटीबरोबर गाताना विजेची सुरपेटी तिच्या मापावर आणून ठेवा.